आई-बाबांचे आभार मानायचे, तर नेमके कशाबद्दल ते आधी शोधा

"तुमच्यामुळेच मी आज इथवर आले." हे वाक्य आपण आई-बाबांना कधी ना कधी ऐकवलेलं असतं. त्यावर त्यांचं उत्तरही ठरलेलं असतं. "बरं बरं, त्यात काय एवढं? सगळेच आईबाप करतात." आणि विषय तिथेच संपतो. वाक्य खोटं नसतं, त्यामागची भावनाही खरी असते. पण ते कोणत्याही मुलीने कोणत्याही आई-बाबांना म्हटलं तरी चालण्यासारखं असतं. आपल्या आई-बाबांचं असं त्यात काहीच नसतं, म्हणून ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

आई-बाबा आपले आदर्श आहेत असं आपण म्हणतो, तेव्हा खरं तर त्यांच्या एखाद्या ठरावीक वागण्याचा आपल्या वागण्यावर ठसा उमटलेला असतो. तो ठसा शोधायचा, तो कुठल्या प्रसंगातून आला हे त्यांनाच विचारायचं, मग लिहायचं आणि तोंडावर वाचून दाखवायचं. मी माझ्या आई-बाबांसाठी हे असंच केलं आणि पुढे ओळखीतल्या अनेकांना करायला लावलं. वेळ लागतो, एका संध्याकाळी उरकण्यासारखं काम नाही. पण आई-बाबा समोर बसलेले असताना यापेक्षा महत्त्वाचं दुसरं काम मला तरी सुचत नाही.

सुरुवात स्वतःच्या दिवसापासून

बहुतेक जण यादी करायला बसतात ती "त्यांनी माझ्यासाठी काय काय केलं" याची. शिकवलं, आजारपणं काढली, स्वतः जुनं वापरून आपल्याला नवं घेऊन दिलं. हे सगळं खरंच आहे, पण ही झाली उपकारांची यादी. ती वाचताना आई-बाबा अवघडतात, कारण त्यांनी हिशोब ठेवलेलाच नसतो. आपल्याला हवी आहे वेगळी यादी: त्यांचं कोणतं वागणं आज माझ्या हातून होतं?

त्यासाठी आठवडाभर स्वतःवर लक्ष ठेवा. सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचता का? कुणी रागाने बोललं की आधी गप्प बसता का? उसनी आणलेली वस्तू परत करताना पुसून देता का? अशी सवय दिसली की विचारा, हे मी कुणाचं पाहिलं? उत्तर पुष्कळदा घरातच सापडतं. ते खिशातल्या वहीत किंवा फोनवर एका ओळीत टिपून ठेवा.

हे ठसे आपल्याला सहज दिसत नाहीत, कारण ते उपदेशातून आलेले नसतात. 1961 मध्ये मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या 72 मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला मारलं, तोंडानेही मारायची भाषा केली. काहींसमोर मोठं माणूस शांतपणे दुसरी खेळणी जोडत बसलं. मुलांना शिकवलं कुणी काहीच नव्हतं. तरीही मारझोड पाहिलेल्या अनेक मुलांनी नंतर तेच हातवारे केले, तेच शब्द उच्चारले. शांत माणूस पाहिलेली मुलं फारशी त्या वाटेला गेली नाहीत. प्रयोग हाणामारीचा होता, पण चांगल्या गोष्टीही आपण अशाच, न सांगता उचललेल्या असतात.

माझे बाबा छापखान्याच्या बाइंडिंग विभागात कामाला होते. छापून, घड्या घालून आलेल्या कागदांना फर्मे म्हणतात. हे फर्मे क्रमाने एकावर एक लावायचे, शिवायचे, मग पुठ्ठा चढवायचा. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर, घडीच्या जागी, एक छोटी काळी खूण छापलेली असते आणि पुढच्या प्रत्येक फर्म्यावर ती थोडी खाली सरकलेली असते. सगळे फर्मे बरोबर लागले की त्या खुणांची जिन्यासारखी उतरती रेघ दिसते. एखादा फर्मा राहिला, दोनदा पडला किंवा मागेपुढे झाला, तर रेघ तुटते. बाबा प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवत आणि डोळा त्या रेघेवर ठेवत. अंगठ्याचा वेग मी लहानपणी पाहिला आहे. तो कधी घाईचा नसायचा आणि कधी रेंगाळायचाही नाही.

एकदा गठ्ठे बांधून झाले होते, गाडी दारात उभी होती, आणि बाबांना एका पुस्तकात फर्मा दोनदा पडल्याचं दिसलं. मालक म्हणाले, एकच तर प्रत आहे, जाऊ दे. बाबांनी कात्री घेतली आणि गठ्ठ्यांच्या दोऱ्या कापल्या. एक फर्मा दोनदा लागला, याचा अर्थ दुसऱ्या कुठल्या तरी प्रतीत तो लागलाच नाही, असा त्यांचा हिशोब होता. शोधल्यावर ती प्रतही सापडली.

मी हिशेबनीस आहे. व्हाउचरचे नंबर सलग आहेत की नाहीत हे मी आधी पाहते, रकमा नंतर. एक नंबर दोनदा दिसला की कुठला तरी गहाळ आहे असं गृहीत धरून शोधते. ऑफिसमध्ये लोक याला माझी शिस्त म्हणतात. ही शिस्त मुळात बाबांच्या अंगठ्याची आहे.

तुमच्या यादीत अशी एक नोंद जरी आली तरी काम मार्गी लागलं म्हणा. ती येत नसेल तर वेगळ्या बाजूने पाहा. पैसे कमी असताना आई-बाबा कशावर खर्च करायचं थांबवत आणि कशावर नाही? त्यांच्यापेक्षा कमी अधिकाराच्या माणसाशी ते कसे बोलत? कुणी पाहत नसताना काय करत? कशाला ठाम नकार देत? यातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. माणसाने काय मिळवलं हे चारचौघांना दिसतं, पण काय नाकारलं हे बहुधा घरच्यांनाच ठाऊक असतं.

अशा यादीची परंपरा जुनी आहे. इसवी सन 121 मध्ये जन्मलेला रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याने स्वतःसाठी लिहिलेल्या टिपणांचा पहिला भाग हीच यादी आहे: कुणाकडून काय घेतलं. आजोबांकडून रागावर ताबा, आईकडून साधी राहणी आणि वाईट विचारसुद्धा मनात न आणणं. वडील तो लहान असतानाच वारले होते, तर त्यांच्याविषयी ऐकलेल्या आणि आठवणाऱ्या गोष्टींतून विनय. ज्याने दत्तक घेतलं त्या अँटोनायनसविषयी तर त्याने भरभरून लिहिलं आहे, लोकहिताचं काही सांगायला आलेल्या कुणाचंही तो ऐकून घेई इतक्या बारकाव्यापर्यंत. सम्राटाची यादीही मोठ्या पराक्रमांची नाही, रोजच्या वागण्याची आहे.

मग विचारायला बसा

आपल्या आठवणीत प्रसंगाचा एक तुकडाच असतो. बाबांनी दोऱ्या कापल्या हे मला माहीत होतं. त्या वेळी त्यांची नोकरी नवी होती आणि मालकांना दुखावणं परवडणारं नव्हतं, हे विचारल्यावर कळलं. तेव्हा लिहिण्याआधी विचाराच.

"तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं म्हणू नका. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कुणीही "काय सांगायचं?" असंच म्हणेल. छोटा, ज्याचं चित्र डोळ्यांपुढे उभं राहील असा प्रश्न विचारा. पहिल्या दिवशी कामावर गेलात तेव्हा दारात कोण भेटलं? तुमचा पहिला पगार कुणाच्या हातात दिलात? मी जन्मले त्या दिवशी सकाळी काय करत होतात? साधारण दहा ते तिशीच्या वयातल्या आठवणी म्हाताऱ्या माणसांना जास्त आणि ठळक आठवतात, असं स्मरणशक्तीचे अभ्यासक सांगतात. म्हणून आपल्या जन्माच्या आधीच्या काळापासून सुरुवात केली की बोलणं लवकर सुटतं. आणि तो काळ आपल्याला मुळीच माहीत नसतो, त्यामुळे आपलं ऐकणंही खरं असतं.

जुना फोटो हातात दिला तर प्रश्नाचीही गरज पडत नाही. पण एका वेळी एकच फोटो द्या. अख्खा अल्बम उघडला की पानं उलटली जातात आणि नावांपलीकडे काही हाती लागत नाही. सांगितलेली नावं, साल, प्रसंग फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने कडेला लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उठतो आणि शाई पुढे पसरू शकते. अलीकडच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे फोटो पाकिटात घालून पाकिटावर लिहा.

ऐकू कमी येत असेल तर ओरडू नका. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणून स, श, फ अशी अक्षरं निसटतात आणि "आवाज येतो पण शब्द कळत नाही" अशी तक्रार असते. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, टीव्ही आणि पंखा बंद करा, नेहमीपेक्षा थोडं सावकाश आणि थोडं खालच्या पट्टीत बोला. एखादं वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत म्हणा. माझ्या पाहण्यात कितीतरी घरांत आई-बाबा गप्प गप्प झालेत असं वाटत होतं, आणि खरं कारण एवढंच होतं.

आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा. परवानगी मिळाली की फोन जवळ, मऊ कापडावर ठेवा, विमान मोडवर टाका आणि त्याच्याकडे पुन्हा बघू नका. झाल्यावर फाइलला नाव आणि तारीख द्या आणि दोन वेगळ्या ठिकाणी साठवा. नुसत्या नंबरांच्या फाइली पुढे कुणाला ओळखू येत नाहीत.

बसलेले असताना मध्ये शांतता पडली तर ती भरायला धावू नका. माझ्या अनुभवात चांगल्या गोष्टी त्या शांततेनंतरच येतात. आणि एखाद्या प्रश्नावर "ते नको" असं म्हणाले, तर खरंच नको. आपण चौकशीला बसलेलो नाही. काही गोष्टी त्यांच्याकडेच राहण्याचा त्यांना हक्क आहे.

घरात मुलं असतील तर त्यांनाही बसवा. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी मुलांना घराण्याबद्दल 20 साधे प्रश्न विचारले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आई-बाबा कसे भेटले, अशा धाटणीचे. ज्या मुलांना ही उत्तरं जास्त ठाऊक होती त्यांचा आत्मसन्मान आणि आपल्या आयुष्यावर आपला ताबा आहे ही भावनाही जास्त असल्याचं त्यांना आढळलं. चढउतारांची, पडून उभं राहिल्याची गोष्ट मुलांना हवी असते, आणि ती आजी-आजोबांच्या तोंडून ऐकणं वेगळं असतं.

पत्र

आता लिहा. आई आणि बाबा दोघांना वेगवेगळं पत्र. एकत्र लिहिलं की ते पुन्हा "तुम्ही दोघांनी खूप केलंत" वर जातं. लांबी साधारण तीनशे शब्द पुरे, म्हणजे हाताने लिहिलेली दीड-दोन पानं. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय घडलं होतं, तेव्हा तुम्ही काय केलंत, आणि ते आज माझ्यात कुठे आहे. यातली तिसरी गोष्टच लोक विसरतात, आणि खरी ऐकायची असते तीच.

"आई, तू फार कष्टाळू आणि प्रेमळ आहेस" हे वाक्य घ्या. विशेषणं कितीही वाढवली तरी ते हलत नाही. त्याऐवजी मी आईला जे लिहिलं त्यातला थोडा भाग देते. आई नर्स होती.

"आई, तुझी ड्युटी संपायची वेळ झाली की मी वॉर्डाच्या बाहेर बाकावर येऊन बसायचे. घड्याळात वेळ होऊन जायची, पण तू यायची नाहीस. दारातून मला दिसायचं, तू नव्या सिस्टरला घेऊन एकेका बेडपाशी जायचीस. रजिस्टर भरलेलं असायचं, तरी जायचीस. मी एकदा चिडून विचारलं, सगळं लिहिलंयस ना, मग परत काय सांगतेस? तू म्हणालीस, औषध किती वाजता दिलं ते लिहिलंय. ते काका रात्री घाबरून जागे होतात, दिवा बंद करू नका, हे कुठल्या रकान्यात लिहू? आणि तू त्यांना बेड नंबरने कधी ओळखलं नाहीस, नावानेच सांगायचीस. आज मी रजेवर जाताना काम दुसऱ्याकडे सोपवते तेव्हा फाइल देऊन निघत नाही. शेजारी बसते आणि जे फाइलमध्ये नाही ते सांगते. कोणता माणूस फोनवर तुटक बोलतो पण मनाने चांगला आहे, कुणाला एकदा जास्त आठवण करावी लागते. हे मला कुणी ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नाही. मी त्या बाकावर बसून शिकले."

यात "प्रेमळ" हा शब्द एकदाही नाही. लिहायची गरज पडली नाही.

लिहिताना काही गोष्टी कटाक्षाने बाहेर ठेवा. "पण" नको: "तुम्ही कडक होतात, पण..." असं वाक्य सुरू झालं की ऐकणारा पहिल्याच अर्ध्यावर अडकतो. माफी मागायची असेल तर तिचं पत्र वेगळं लिहा. दोन्ही एकत्र केलं की आई-बाबा आपली समजूत काढण्यात गुंततात आणि आभार बाजूला राहतात. आपल्या यशाची यादी नको. भावंडांशी तुलना तर मुळीच नको. आणि कुठून तरी घेतलेली सुविचाराची ओळ नको, ती कितीही सुंदर असली तरी. तुमचे शब्द अडखळणारे असतील तर अडखळू द्या.

या अडखळण्याची भीतीच बहुतेकांना थांबवते. 2018 मध्ये अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. आभाराचं पत्र लिहिणाऱ्यांना वाटत होतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, त्याला फार काही नवल वाटणार नाही. प्रत्यक्षात पत्र मिळालेल्यांना लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त आनंद झाला, जास्त आश्चर्य वाटलं आणि अवघडलेपण कमी वाटलं. लिहिणारा आपली भाषा जमली का याची काळजी करत असतो, वाचणाऱ्याला त्यातला जिव्हाळा दिसत असतो.

छापून देणार असाल तर अक्षर मोठं ठेवा आणि ओळींत अंतर सोडा. शक्य असेल तर हातानेच लिहा. वर पूर्ण तारीख घाला, खाली पूर्ण नाव. चाळीस वर्षांनी कुणाच्या हाती ते लागलं तर "तुझीच, लाडकी" यावरून काही कळत नाही.

वाचून दाखवा

पत्र टपालात टाकून मोकळं होऊ नका. समोर बसून वाचा. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एका आठवड्याची मुदत दिली होती: ज्याचे आभार कधी नीट मानले नाहीत अशा माणसाला पत्र लिहायचं आणि स्वतः नेऊन द्यायचं. लिहिणाऱ्यांचा आनंद वाढला, उदासी कमी झाली, आणि हा परिणाम महिनाभर टिकला. तीन महिन्यांनंतर मात्र तो उरला नव्हता. मला हा शेवटचा भाग फार मोलाचा वाटतो. एक पत्र वाचलं म्हणजे झालं असं नाही, हे त्यातून दिसतं.

वेळ निवडताना समारंभ टाळा. पाहुण्यांसमोर वाचलं की आई-बाबांना पाहुण्यांना शोभेल असं वागावं लागतं. साधी दुपार निवडा, जेवणानंतरची झोप झाल्यावरची. "मी काहीतरी लिहिलंय, पाच मिनिटं ऐकता का?" एवढंच म्हणा. ते मध्येच उठू पाहतील, थट्टा करतील, "पुरे" म्हणतील. थांबू नका, पण आवाजही चढवू नका. रडू आलं तर थांबा, पाणी प्या, पुढे वाचा. कुणी दूर राहत असेल तर फोनवर वाचा. मात्र आधी कागद पोचता करा, म्हणजे नंतर तो त्यांच्या हाती राहील.

वाचून झाल्यावर उत्तराची वाट पाहू नका. ज्या पिढीला स्वतःविषयी बोलायची सवय नाही, ती लगेच काही बोलत नाही. माझ्या बाबांनी पत्र ऐकून आधी एक दुरुस्ती सांगितली, की त्या दिवशी गाडी दारात नव्हती, नाक्यावर होती. मग उठून आत गेले, कपाटातून जुना दोरा आणि सुई आणली आणि त्या दोन कागदांना मधोमध घडी घालून टाका घातला. घडी घालण्याआधी त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहिला. कागद ज्या दिशेने सहज वाकतो ती दिशा पाठीला समांतर हवी, नाहीतर पान नीट उघडत नाही. ते त्यांचं उत्तर होतं आणि ते मला कळलं. तुमच्या घरचं उत्तर कदाचित असंच कुठल्या तरी कामातून येईल. कुणी पत्र उशाखाली ठेवतं, कुणी दुसऱ्या दिवशी फोन करून भलत्याच विषयावर बराच वेळ बोलतं. ते ओळखा.

जिथे एवढं सोपं नाही

आदर्श म्हणजे निर्दोष माणूस नव्हे. बाबांचा प्रामाणिकपणा घ्यावासा वाटतो आणि त्यांचा अबोला नाही, असं असू शकतं. जे घेतलं त्याचे आभार मानायला बाकीचं विसरावं लागत नाही. पत्रात फक्त घेतलेलं लिहा. उरलेल्याचा निवाडा त्याच दिवशी करायचा नसतो.

पण ज्यांना घरात मारहाण, अपमान, सततचं दुर्लक्ष सोसावं लागलं, त्यांच्यावर आभाराची सक्ती कुणीही करू नये. "शेवटी आईबापच ना" हे वाक्य अशा माणसाला ऐकवणं मला क्रूर वाटतं. त्यांच्यासाठी ही पद्धत दुसऱ्या कुणाकरता वापरता येईल: जिने सांभाळलं ती मावशी, ज्याने फी भरली तो काका, ज्या शिक्षिकेच्या घरी जाऊन अभ्यास केला ती. ठसा ज्याचा, आभार त्याचे.

स्मृतिभ्रंश झालेल्या आई-बाबांना "आठवतं का?" असं विचारू नका. ती परीक्षा होते आणि उत्तर आलं नाही की ते खिन्न होतात. त्याऐवजी तुम्हीच सांगा: "तू वॉर्डात सगळ्यांना नावाने हाक मारायचीस." अलीकडच्या आठवणी बहुधा आधी जातात, जुन्या जास्त काळ टिकतात, म्हणून जुन्या कामाची वस्तू हातात द्या. पत्र लहान करा आणि पुन्हा पुन्हा वाचा. त्यांना दर वेळी ते नवं असेल, आणि त्यात वाईट काही नाही.

जे गेले त्यांच्यासाठीही लिहा. मग ते अशा माणसाला वाचून दाखवा ज्याने त्यांना पाहिलं होतं: भावंड, जुना सहकारी, शेजारी. बहुतेक वेळा त्या माणसाकडून तुम्हाला माहीत नसलेला एखादा प्रसंग मिळतो. तो पत्राखाली तारीख घालून लिहून ठेवा.

त्यानंतर

परिणाम तीन महिन्यांत ओसरतो हे वर आलंच. म्हणून पत्रानंतर छोट्या गोष्टी सुरू ठेवाव्या लागतात. यातली मला सर्वांत जवळची म्हणजे, त्यांची सवय कामी आली की त्याच दिवशी कळवणं. मोठं बोलावं लागत नाही. "बाबा, आज एक नंबर दोनदा होता, गहाळ झालेलं बिल सापडलं" एवढा फोन पुरतो. त्यांना वर्षातून एकदा ऐकलेल्या कौतुकापेक्षा हे जास्त खरं वाटतं, कारण यात त्यांचं शिकवणं आजही चालू आहे.

दुसरं म्हणजे त्यांच्याकडून अजून एखादी गोष्ट हाताने शिकून घ्या. शिवण, गणित, झाडांची छाटणी, अर्ज लिहिणं, काहीही. नुसता व्हिडिओ काढून ठेवू नका, शेजारी बसून स्वतः करा आणि त्यांना चुका काढू द्या. हात थरथरत असले तरी त्यांना चुका बरोबर दिसतात. सल्ला विचारा, आणि विचारला तर निदान एखादा ऐका. नुसतं बरं वाटावं म्हणून विचारलेलं त्यांना लगेच कळतं.

एक काळजी मात्र घ्या. डॉक्टरकडे नेणं, बँकेच्या खेपा, रात्री सोबत थांबणं हे ज्या भावंडाच्या वाट्याला आलं आहे, त्याला बाजूला ठेवून पत्र वाचण्याचा कार्यक्रम करू नका. आधी त्याच्याशी बोला, त्याच्या कामातलं काही उचला. शक्य झालं तर दोघांनी आपापलं पत्र लिहा आणि वेगवेगळ्या दिवशी वाचा. माझ्या धाकट्या भावाने त्याचं पत्र माझ्यानंतर लिहिलं. त्यात बाइंडिंगचं एक अक्षर नव्हतं. त्याने लिहिलं होतं ते बाबा दर रविवारी शेजारच्या आजोबांना पेपर वाचून दाखवत त्याबद्दल, आणि ती गोष्ट मला ठाऊकच नव्हती.